कोणता सर्व्हर बोलतोय?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, 'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य आता मराठीच झालं आहे. मोताळ्याच्या बाजारपेठेत ते जितकं ऐकू येतं तितकंच मुंबईतल्या बँकेतही. फरक एवढाच, की मुंबईचा माणूस 'बरं, दुपारी बघू' म्हणून आपल्या कामाला लागतो. धामणगाव बढेहून एसटीनं तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याचा मात्र त्या एका वाक्यानं दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी जाते, आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल तर त्याहून मोठं काही जातं. २०२३च्या खरिपात एक रुपयात पीक विमा ही योजना पहिल्यांदा आली. तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली होती, हे अनेकांना आठवत असेल. त्या तीन दिवसांत कित्येकांचे अर्ज भरले गेले. पण मुदत दरवेळी वाढतेच असं नाही.

आज त्या वाक्यातला एकच शब्द तपासू. 'डाऊन' नव्हे, 'सर्व्हर'. कोणता सर्व्हर डाऊन आहे? हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारला तरी काउंटरमागच्या मुलाला उत्तर देता येत नाही. बिचाऱ्याला ते कळायला काही मार्गच ठेवलेला नसतो. हा मार्ग ठेवता येतो, तो ठेवायला पैसे लागत नाहीत, दोन-चार ओळी लिहाव्या लागतात. त्या ओळींबद्दल हे बोलणं आहे.

आधी एक नेहमीचा अनुभव घ्या. एकाच रस्त्यावर दोन सेवा केंद्रं. एकाकडे सरकारी पान उघडतं, शेजारच्याकडे उघडत नाही. किंवा एकाच संगणकावर पहिल्यांदा नुसतं पांढरं पान येतं, पुन्हा बटण दाबलं की व्यवस्थित दिसतं, तिसऱ्यांदा पुन्हा पांढरं. लोक म्हणतात, नेट गेलं. केंद्रवाला म्हणतो, साइटच बंद आहे. साइट चालवणाऱ्यांना फोन केला तर ते म्हणतात, आमच्याकडे तर उघडतंय. गंमत म्हणजे तिघांपैकी कोणीच खोटं बोलत नसतो.

कारण मोठ्या संकेतस्थळाचं नाव एक असलं तरी त्यामागे यंत्र एक नसतं. चार असतात, चाळीस असतात. कापसाच्या हंगामात जिनिंगवर गाड्यांची रांग लागते, ती डोळ्यांपुढे आणा. समजा तिथे तीन वजनकाटे आहेत आणि फाटकावर एक माणूस उभा आहे. तो येणारी गाडी ज्या काट्यावर गर्दी कमी असेल तिकडे पाठवतो. संगणकाच्या जगात या फाटकावरच्या माणसाला लोड बॅलन्सर म्हणतात. आता समजा, दोन नंबरचा काटा बिघडला आणि क्विंटलमागे दोन-चार किलो कमी दाखवू लागला. शेतकरी तक्रार करतो. मालक जाऊन एक नंबरचा काटा तपासतो, तो बरोबर असतो. 'काटा ठीक आहे,' मालक सांगतो, आणि तेही खरंच असतं! पावतीवर काट्याचा नंबर छापलेला असेल तर हा घोळ तासाभरात मिटतो. नसेल तर तीन काटे, शंभर गाड्या आणि दिवसभराची भांडणं.

वेब सर्व्हरनं आपली ओळख सांगायची म्हणजे पावतीवर काट्याचा नंबर छापायचा.

ही पावती कुठे असते? आपण ब्राउझरमध्ये पत्ता लिहितो, पान येतं. दिसतं ते फक्त पान. पण सर्व्हर नुसतं पान पाठवत नाही, ते पाकिटात घालून पाठवतो, आणि पाकिटावर काही ओळी लिहितो. या ओळींना हेडर म्हणतात. आत काय आहे, मजकूर आहे की चित्र, किती मोठं आहे, किती वाजता पाठवलं, ही माहिती त्यात असते. ब्राउझर पाकीट फोडतो, वरच्या ओळी स्वतः वाचतो आणि आपल्याला आतलं पत्र तेवढं दाखवतो. जुन्या मंडळींना टपालाचं पाकीट आठवेल. तिकिटावर पाठवणाऱ्या पोस्टाचा शिक्का असायचा, मागे पोहोचलेल्या पोस्टाचा. पत्र उशिरा आलं तर शिक्के बघून सांगता यायचं, की ते पोस्टात पडून होतं की पाठवणाऱ्याच्या खिशात. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या कोकणातल्या माणसानं १९७२ साली पिनकोडची पद्धत बसवली, तिनं पत्र कुठे जायचं ते सोपं झालं. पण ते कुठून आलं, हे सांगण्याचं काम शिक्क्याचंच राहिलं.

हेडरमध्ये दोन ओळी या शिक्क्यासारख्या आहेत. एकीचं नावच 'सर्व्हर'. पान बनवून देणारं सॉफ्टवेअर कोणतं, हे त्यात लिहायची पद्धत आहे. दुसरी ओळ मला जास्त आवडते. तिचं नाव 'व्हाया'. एसटीच्या पाटीवर आपण 'मार्गे' वाचतो ना, तेच. बुलडाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूरला जाणारी गाडी मार्गे मोताळा जाते. तसं पान वाटेत कोणकोणत्या यंत्रांतून आलं, हे 'व्हाया'मध्ये प्रत्येक मधल्या यंत्रानं लिहायचं असतं. या ओळीचा नियम करणाऱ्यांनी एक शहाणपण दाखवलं आहे. मधल्या यंत्राला आपलं खरं नाव उघड करायचं नसेल तर त्यानं टोपणनाव लिहिलं तरी चालतं. फक्त ते चालवणाऱ्यांना ओळखू यावं, एवढंच. हा टोपणनावाचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याचं चांगलं उदाहरण आपल्याच भाषेत आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचं कुठलंही पान संगणकावर उघडा आणि कीबोर्डवरचं एफ-१२ हे बटण दाबा. पडद्याच्या कडेला एक चौकट उघडेल. तिच्यात 'नेटवर्क' असा शब्द असेल, त्यावर टिचकी मारा आणि पान पुन्हा मागवा. यादीतल्या पहिल्या ओळीवर टिचकी मारली की हेडर दिसतात. त्यात 'एक्स-कॅश' नावाच्या ओळीत 'सीपी' ही दोन अक्षरं आणि पुढे चार आकडे दिसतील. सीपी म्हणजे पानांच्या तयार प्रती साठवून ठेवणारं यंत्र. चार आकड्यांतला पहिला आकडा गावाचा. १ असेल तर अमेरिकेतलं व्हर्जिनिया, ३ असेल तर ॲमस्टरडॅम, ५ असेल तर सिंगापूर. भारतातून मागितलेली पानं साधारणपणे सिंगापूरहून येतात, कारण २०१८पासून विकिपीडियाची यंत्रं तिथे आहेत. त्याच ओळीत 'हिट' असा शब्द असेल तर पानाची प्रत सिंगापुरात तयार होती. 'मिस' असेल तर ती मागच्या यंत्राकडून आणावी लागली. म्हणजे नळगंगेच्या काठी बसून कोणी मोताळ्याची माहिती वाचत असेल, तर ती सिंगापुरातल्या कितव्या यंत्रानं दिली हे त्याला नंबरासह कळू शकतं!

कळून त्याला काय करायचं आहे? रोज काहीच नाही. पण पान कोसळतं त्या दिवशी विकिपीडिया एक साधी गोष्ट करतो. चूक झाल्याचं सांगणाऱ्या पानावरच, खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत यंत्राचा नंबर, चुकीचा क्रमांक आणि वेळ छापतो, आणि तक्रार करणार असाल तर हा तपशील सोबत द्या, असं सांगतो. एफ-१२ची गरज नाही, तज्ज्ञाची गरज नाही. जिनिंगवरच्या पावतीसारखं. आपल्याकडच्या प्रत्येक लोकोपयोगी संकेतस्थळावर असं पान असावं, असं माझं मत आहे. 'क्षमस्व, थोड्या वेळानं प्रयत्न करा' हे सौजन्य झालं, उपयोग त्याचा शून्य.

हे करायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. संकेतस्थळ सांभाळणारे कोणी ऐकत असतील तर त्यांच्या कामाचं आहे. इतरांनी दोन मिनिटं सोसावं.

जगात दोन सर्व्हर सॉफ्टवेअर जास्त चालतात, अपाची आणि एन्जिनएक्स. अपाची १९९५ साली सुरू झालं आणि वर्षभरात सगळ्यांच्या पुढे गेलं. एन्जिनएक्स इगोर सिसोएव या रशियन माणसानं लिहून २००४ साली खुलं केलं. दोन्हींच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून आपल्याला हवं ते हेडर जोडता येतं. अपाचीत त्या आज्ञेचं नाव 'हेडर सेट', एन्जिनएक्समध्ये 'ॲड हेडर'. पुढे ओळीचं नाव द्यायचं, बहुतेक जण 'एक्स-सर्व्हड-बाय' असं काहीतरी देतात, आणि मग त्या यंत्राचं नाव. या ओळीत काय लिहावं याला बंधन नाही. टेरी प्रॅचेट हा इंग्रजी विनोदी कादंबरीकार २०१५ साली वारला, तेव्हा त्याच्या वाचकांनी जगभरच्या सर्व्हरांवर हेडरमध्ये त्याचं नाव घातलं. त्याच्याच एका कादंबरीत निरोप्यांच्या मनोऱ्यांवरून मेलेल्या सहकाऱ्याचं नाव फिरतं ठेवायची रीत आहे, त्यावरून. आजही कित्येक संकेतस्थळं पानागणिक ते नाव पाठवत असतात आणि वाचणाऱ्याला पत्ता नसतो. एका लेखकासाठी लोक एवढं करतात, तर स्वतःच्या यंत्राचं नाव घालायला काय हरकत आहे?

पण इथे एक खाच आहे, आणि जाणती माणसंही तिथे ठेचकाळतात. एन्जिनएक्समधली ही आज्ञा साधी दिली तर ती पान नीट गेलं तेव्हाच हेडर जोडते, किंवा मग पान दुसरीकडे हललं आहे असा निरोप असला तर. सर्व्हर आतून कोसळला आणि त्यानं ५०० क्रमांकाची चूक पाठवली, तर ती ओळ गळते. अपाचीतही साध्या आज्ञेची हमी चुकीच्या पानांपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे धडधाकट असताना नाव सांगणारं यंत्र नेमकं आजारी पडलं की मुकं होतं. उपाय एका शब्दाचा आहे. दोन्हीकडे आज्ञेत 'ऑलवेज' हा शब्द घालावा लागतो. हेडर बसवलं आणि चांगलं पान उघडून ते दिसतं का एवढंच बघितलं, तर तपासणी अर्धीच झाली. मुद्दाम चूक घडवून बघायला हवं.

आणखी एक. काट्याच्या नंबराबरोबर पावतीचा नंबर असला तर सोन्याहून पिवळं. आलेल्या प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक द्यायची सोय दोन्हींत आहे. तो क्रमांक हेडरमध्ये घालायचा, चुकीच्या पानावर छापायचा आणि सर्व्हरच्या नोंदवहीतही, म्हणजे लॉगमध्ये, लिहायचा. मग लाखो नोंदींतून त्या शेतकऱ्याचीच नोंद काढता येते.

आता दुसरी बाजू. कारण 'सर्व्हरनं ओळख सांगावी' असं म्हटलं की सुरक्षेचं काम बघणारा माणूस लगेच कपाळाला आठ्या घालतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

'सर्व्हर' नावाच्या त्या पहिल्या ओळीत अपाची मुळात खूपच बोलतं. सॉफ्टवेअरचं नाव, आवृत्तीचा नंबर, खाली कोणती प्रणाली आहे, सोबत कोणते जोडभाग आहेत, सगळं सांगून मोकळं होतं. हे म्हणजे दारावर नावाच्या पाटीशेजारी कुलूप कोणत्या कंपनीचं, कोणत्या सालचं, हेही लिहून ठेवण्यासारखं झालं. वेबच्या नियमांचं १९९६चं जे पहिलं टिपण आहे, त्यातच हा इशारा दिलेला आहे, की नेमकी आवृत्ती उघड केली तर माहीत असलेल्या दोषांवर हल्ला करणाऱ्यांचं काम सोपं होईल. २०२२च्या नव्या नियमांतही सूर तोच आहे, गरजेपेक्षा बारीक तपशील देऊ नका. ऑक्टोबर २०२१मध्ये याचा प्रत्यय आला. अपाचीच्या २.४.४९ या आवृत्तीत मोठं भगदाड सापडलं. आत ठेवलेल्या फाइली बाहेरून वाचता येत होत्या. घाईनं काढलेली २.४.५० ही दुरुस्तीही अपुरी निघाली आणि काही दिवसांतच २.४.५१ काढावी लागली. त्या आठवड्यात जगभरातले एक लाखाहून जास्त सर्व्हर 'मी २.४.४९' असं हेडरमधून आपणहून सांगत होते. शोधणाऱ्याला शोधावंही लागत नव्हतं.

म्हणून अपाचीत 'सर्व्हर टोकन्स' या सेटिंगपुढे 'प्रॉड' लिहायचं आणि 'सर्व्हर सिग्नेचर' बंद करायचं. एन्जिनएक्समध्ये 'सर्व्हर टोकन्स' बंद करायचं. आवृत्ती झाकली जाते, नुसतं नाव उरतं.

एवढं केलं की सुरक्षित झालो, असं मात्र कोणी समजू नये. अनेक ठिकाणी या दोन ओळी बदलून तपासणीच्या कागदावर बरोबरची खूण होते आणि खालचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं जुनंच राहतं. जुलै २००१मध्ये कोड रेड नावाचा किडा सुटला होता. त्यानं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरांतला दोष धरून चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांवर यंत्रं ग्रासली. तो कोणाला नाव विचारत नव्हता. दिसेल त्या पत्त्यावर धडक मारत होता. अपाचीला त्याच्यापासून काहीच धोका नव्हता, तरी अपाची चालवणाऱ्यांच्या नोंदवह्या त्याच्या धडकांनी भरून गेल्या. पाटी वाचून येणारे चोर असतात आणि प्रत्येक दार ढकलून बघणारेही असतात. दुसऱ्या जातीच्या चोरासमोर पाटी झाकण्याचा उपयोग नाही, तिथे कुलूपच बदलावं लागतं.

मग नाव सांगायचं की झाकायचं? माझ्या मते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकत्र कालवल्यामुळे घोटाळा होतो. यंत्र कोणतं, हे सांगावं. त्यावर कोणत्या आवृत्तीचं काय चाललंय, हे सांगू नये. आणि यंत्राचं नावही आतल्या जाळ्यातला खरा पत्ता असण्याची गरज नाही. इथे 'व्हाया'तलं टोपणनाव कामाला येतं. 'ब-३' एवढं पुरे. ब-३ म्हणजे कुठल्या खोलीतलं कितवं यंत्र, ही यादी सांभाळणाऱ्याकडे असली म्हणजे झालं. चोराला त्यातून काही मिळत नाही, तक्रार करणाऱ्याला सगळं मिळतं. एसटीच्या अंगावर गाडीचा नंबर आणि आगाराचं नाव रंगवलेलं असतं. इंजिनाची दुरुस्ती शेवटची कधी झाली ते कोणी रंगवत नाही.

सातबाऱ्याच्या बाबतीत आपण ओळखीचं हे महत्त्व मान्य केलेलंच आहे. १ मे २०१८पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. त्यावर पडताळणीचा क्रमांक असतो, आणि तो टाकून कागद खरा की खोटा हे कोणालाही बघता येतं. कागदानं ओळख सांगावी, हे आपल्याला पटलं आहे. तो कागद ज्या यंत्रातून येतो, किंवा येता येता अडतो, त्यानंही सांगावी, इतकंच पुढचं पाऊल आहे.

काही अडचणी यानंही सुटणार नाहीत. उत्तरच आलं नाही, नुसतं चक्र फिरत राहिलं, तर हेडरही येत नाही. पाकीटच निघालं नाही तर शिक्का कुठला? किंवा फाटकावरचा तो वाटप करणारा माणूसच कोसळला तर मागचे सगळे काटे धडधाकट असून उपयोग नाही. अशा वेळी हाती फक्त वेळ उरते. पण तीही थोडी नाही. 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशानुसार सेवा देणाऱ्यांनी आणि सरकारी संस्थांनीही आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या आहेत, आणि यंत्रांची घड्याळं ठरवून दिलेल्या घड्याळांशी जुळवून ठेवायची आहेत. म्हणजे तुमच्या तक्रारीतली वेळ अचूक असेल, तर तिकडे तिच्याशी जुळवून बघायला नोंद असायला हवी.

तेव्हा केंद्रात पान अडलं तर वहीत तारीख आणि मिनिटापर्यंत वेळ लिहा. कोणतं पान, काय करत असताना अडलं, तेही लिहा. पडद्यावर चुकीचा क्रमांक दिसत असेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढा, अख्ख्या पडद्याचा, खालच्या बारीक अक्षरांसकट. केंद्र चालवणाऱ्या मुलामुलींपैकी ज्यांना जमेल त्यांनी एफ-१२ दाबून हेडरचाही फोटो घ्यावा. शेजारच्या केंद्रात तेच पान त्याच मिनिटाला उघडलं असेल, तर तसंही नमूद करा. बिघाड सगळीकडे आहे की एखाद्याच यंत्रात, हे तिकडच्या माणसाला त्यावरूनच ओळखता येतं. आणि ही तक्रार 'साइट चालत नाही' अशी तोंडी न देता लेखी द्या, ई-मेलनं दिली तरी चालेल, पण १८० दिवस उलटायच्या आत.